अर्धा चमचा खार

मे अखेरीस नवतपा लागला की आमच्या वणीत माणसं बोलणं कमी करतात. भांडण नसतं कुणाचं. तोंड उघडलं की गरम हवा आत शिरते, एवढंच. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडायला लागतात. दुकानांपुढे हिरव्या जाळ्या, दुपट्ट्यांत गुंडाळलेली तोंडं, आणि या सगळ्यातून न थांबता जाणारे कोळशाचे ट्रक. ट्रक गेला की काळी धूळ थोडा वेळ हवेत राहते आणि मग जागा मिळेल तिथे बसते. मनीप्लांटच्या पानांवर, पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या साडीवर. नवतपा चांगला तापला की पुढचा पाऊस चांगला, असं इथे सगळे मानतात आणि या नऊ दिवसांना पाहुण्यासारखं सांभाळून घेतात. मला त्यांचं कौतुक राहिलेलं नाही. कॅलेंडरात तो शब्द दिसला तरी मी पान उलटते.

काल कूलरचं गवत बदलायला माणूस आला होता. जुनी जाळी काढून त्यानं अंगणात आपटली, तर पांढऱ्या खवल्यांचा सडा पडला. स्क्रू-ड्रायव्हरनं उरलेला थर खरवडत तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या इकडचं पानी लय खारं हाये बाप्पा. पाहा ना, कसा खार जमून राह्यला." तो पांढरा चुरा पायाखाली कुरकुरला आणि मी तडक आत निघून आले. त्याला वाटलं असेल, मॅडम चिडक्या दिसतात. आहेच मी चिडकी. शाळेत मुलं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

आमच्याकडे खार या एका शब्दात किती गोष्टी कोंबल्या आहेत! बोअरचं पाणी खारं. पापडात खार. डाळ शिजत नसेल तर चिमूटभर खार. लोणच्याला सुटलेलं पाणी तो खार. कडुनिंबावर धावते ती खार, आणि जावा-जावांत कुणी कुणावर खाऊन असते तोही खारच. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. वर्गात आम्लारी कशाला म्हणायचं, क्षार कशाला म्हणायचं, अल्कता म्हणजे काय, हे फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी लिहून देते. उत्तरपत्रिकेत कुणी क्षार आणि आम्लारी यांची गल्लत केली की मी गुण कापते, आणि समासात लाल शाईनं लिहिते: शब्द नीट वापरावा. घरी आल्यावर मात्र मीही सगळ्याला खारच म्हणत होते. घरात कुणी फळ्यावरची भाषा बोलतं का?

त्या घरात, म्हणजे याच घरात, पुढच्या खोलीत दोन फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. समुद्र आमच्यापासून इतका लांब आहे की माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी दोघा-तिघांनीच तो पाहिलेला असतो. तो घरी आणला माझ्या धाकट्या भावानं, सुमेधनं. मुंबईत तो मत्स्यालयाच्या दुकानात कामाला होता. महामारीत दुकान बंद पडलं आणि बाबांनी त्याच्यामागे धोशा लावला. रोज फोन. "तिकडं एकटा कायले मरतं? घरी ये. इथं चटणी-भाकर त भेटन." शेवटी तो आला, भाजीच्या परत जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून, मांडीवर ही टाकी घेऊन. कपड्यांची पिशवी तो मुंबईलाच विसरला होता.

टाकीत एकच मासा होता. नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. सोबत चार गोगलगायी, थोडे दगड, आणि एक मऊ प्रवाळ, जे सकाळी हाताची बोटं पसरावी तसं उघडायचं. माशाचं इंग्रजी नाव सुमेधनं सांगितलं, पण बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. "पट्टेवाला," म्हणाले, "आपल्या घरी साहेब कोनी झाला नाई, पट्टेवाला त आला." सकाळी चहा घेताना ते टाकीसमोर स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "काय पट्टेवाले, साहेब आले का ऑफिसात?" मासा काचेजवळ येऊन तोंड उघडायचा-मिटायचा. बाबा म्हणायचे, साहेब दौऱ्यावर गेले म्हणून सांगतो आहे.

समुद्र सांभाळणं सोपं नसतं, आणि छोटा समुद्र सांभाळणं तर फारच अवघड. मोठ्या पाण्यात चूक विरघळून जाते, दोन फुटांच्या पाण्यात ती तशीच राहते. सुमेध रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचा, बाटलीतलं रसायन थेंब-थेंब टाकायचा आणि मोजायचा. निळा रंग पिवळा व्हायला जितके थेंब लागतील तितकी पाण्याची अल्कता. आठ-नऊ थेंब लागले की तो खूश. पीएचची बाटली वेगळी, तिचा रंगांचा तक्ता वेगळा. मी विज्ञानाची बाई, तरी मला हे त्यानं शिकवलं. "ताई, पीएच म्हंजे पान्याचा आजचा मूड. अन् अल्कता म्हंजे त्याची सहन कराची ताकद. ताकद सरली का मूड कवा पलटन, भरोसा नाई." अल्कतेची इतकी चांगली व्याख्या मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. पुढच्या वर्षी वर्गात मी हीच सांगितली. कुणाची आहे ते सांगितलं नाही, कारण तोपर्यंत ते नाव घेऊन पुढचं वाक्य बोलणं मला जमत नव्हतं.

बाबांचं सगळं आयुष्य राजूरच्या चुनाभट्ट्यांवर गेलं. भट्टीत वरून दगड आणि कोळशाचे थर टाकायचे, खालून जळलेल्या दगडांच्या कळ्या ओढायच्या, त्यांच्यावर पाणी मारायचं. पाणी पडलं की कळी फुटते, वाफ येते, आणि दगडाचं पीठ होतं. ते पीठ चाळणारा माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा पापण्यांसकट पांढरा असतो. लहानपणी मी आणि सुमेध त्यांना दारातच थांबवून कपड्यानं झटकायचो आणि हसायचो. तो सगळा चुना बाहेर पडतो असं आम्हाला वाटायचं. बराचसा आत राहिला होता. साठीनंतर त्यांना दहा पावलं चालून थांबावं लागायचं, आणि थांबलं की ते आजूबाजूचं काहीतरी पाहत असल्यासारखं करायचे.

एके दिवशी सुमेध मोबाइलवर वाचता वाचता उठून बसला. प्रवाळ ठेवणारे लोक टाकीला चुन्याची निवळी देतात, असं त्यानं वाचलं होतं. चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं थेंब-थेंब सोडायचं. त्यानं अल्कता टिकते, प्रवाळाला बळ मिळतं. "बाबा, समुद्रातल्या मासोळ्याईलेही तुमचाच चुना लागते पाहा," तो म्हणाला. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सबंध आयुष्य ज्या पांढऱ्या पिठानं त्यांची छाती खाल्ली, ते कुठल्यातरी जिवाच्या कामाचं होतं! दुसऱ्याच दिवशी ते रिक्षा करून राजूरला गेले आणि ओळखीच्या भट्टीवरून चाळलेला चुना घेऊन आले. सुमेधनं तो बरणीत भरला, बरणीवर पट्टी चिकटवली आणि लिहिलं: खार.

तेव्हापासून निवळी करायचं काम बाबांचं. तोंडाला दुपट्टा बांधून ते बरणी उघडायचे, पेल्यात चुना कालवायचे, पेला खिडकीत ठेवायचे. सकाळी वरच्या पाण्याचा एक थेंब जिभेच्या टोकाला लावून पाहायचे. भट्टीवर चुना असाच तपासतात. मी ओरडायचे, जीभ जळेल. ते म्हणायचे, "इतल्या वर्षांत नाई जळली, आता काय जळन." मग सुमेध त्या पाण्याचे थेंब टाकीत सोडायचा. बापलेक अर्धा तास तिथे उभे असायचे.

हे चाललं जेमतेम काही महिने. दुसऱ्या लाटेत सुमेध गेला. त्याच्यासाठी ऑक्सिजनची खाट शोधत मी तीन गावं फिरले, ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एकच लिहिते. स्मशानातून परत आल्यावर बाबा म्हणाले, "मीच बोलावलं त्याले. तिकडं राह्यला असता त वाचला असता." मी नाही म्हणाले, शेजारी नाही म्हणाले, विहारात भन्तेजींनी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण रोज संध्याकाळी, वेळ ठरलेली असावी तसं, ते हेच वाक्य एकदा बोलायचे आणि मग टाकीसमोर जाऊन बसायचे. एकदा माशाकडे बघतच मला म्हणाले, "याच्या बाबतीत तरी माह्या हातून काई चुकू नाई, बाई." त्यानंतर माझ्यासाठी त्या घरात एकच काम उरलं. तो मासा जगला पाहिजे होता, आणि तो कधी मेलाच तर बाबांच्या हातून मेलेला नसायला हवा होता.

मी निवळी बंद केली. बरणी उघडली की चुना उडायचा आणि बाबांना खोकल्याची उबळ यायची, ती तासभर जायची नाही. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं. अल्कता राखायला खाण्याचा सोडाही चालतो. स्वयंपाकघरात डबा होताच. मी बाबांना म्हणाले, "खाराचं आता मी पाहते." ते "बरं" म्हणाले. कसला खार, कुठला डबा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चुन्याची बरणी मात्र टाकीखालच्या फळीवर तशीच राहिली. तिच्यावरचं अक्षर सुमेधचं होतं. मी ती कुठे टाकणार होते?

मग पुढच्या वर्षीचा तो नवतपा आला. दुपारी छपरावरचं पाणी इतकं तापायचं की नळाखाली हात धरवत नसे. टाकीचं पाणी रोज दोन बोटं उडायचं आणि उरलेलं जास्त खारट व्हायचं. मी जारचं पाणी घालायचे, बर्फ केलेल्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवायचे, वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायचे. बाबांच्या छातीला ती हवा सोसत नव्हती म्हणून दारं-खिडक्या दिवसभर बंद. आणि बंद खोलीत माणूस श्वास सोडत राहिला की तोच श्वास पाण्यात उतरतो. पीएच खाली येतो. हे मी आठवीला शिकवते, श्वास नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकून दाखवते. घरी ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. सकाळी तक्त्यावरचा रंग रोज एक घर खाली सरकलेला असायचा. खिडकी उघडली तर माशाला बरं, पण मग कोळशाची धूळ आणि आग आत येणार आणि बाबा खोकणार. बंद ठेवली तर बाबांच्याच श्वासानं मासा घुसमटणार. पहाटे तासभर खिडकी उघडायची आणि तेवढा वेळ बाबांना मागच्या अंगणात बसवायचं, अशी मी मधली वाट काढली होती. तेवढ्या एका तासावर मी दोघांना जगवत होते. मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग यायचा. उन्हाचा, ट्रकांचा, मेलेल्या भावाचा, माशाचा. बाबांचाही.

त्यातच यवतमाळला शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. नवतप्यात प्रशिक्षण ठेवणाऱ्याच्या डोक्याला काय म्हणावं! आदल्या संध्याकाळी मी पाणी तपासलं, तर पाच थेंबांतच रंग पिवळा झाला. ताकद सरत आली होती. सकाळी सोडा टाकून निघू असं ठरवलं आणि सकाळी बस पकडायच्या गडबडीत विसरले. आठवलं ते दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुटीत, हातात वरण-भाताची प्लेट असताना. सभागृहाच्या व्हरांड्यात उभं राहून मी फोन लावला. आत माइकवरून नावं पुकारत होते.

"बाबा, त्या पाण्यातला खार कमी झाला आहे. माझा टाकायचा राहिला. अर्धा चमचा टाकता का?"

"टाकतो ना. निवळी करू का कोरडाच?"

"कोरडाच. ग्लासभर पाण्यात ढवळा अन् लगेच ओता."

"कोरडाच टाकू?"

"हो बाबा, कोरडाच! किती वेळा सांगू? मले आत बोलावून राह्यले."

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. आतमध्ये आम्हाला मुलांशी सोप्या, नेमक्या भाषेत कसं बोलावं यावर व्याख्यान होतं. हे मी रचून सांगत नाही. विषय खरंच तो होता, आणि मी पहिल्या रांगेत बसून टिपणं काढली.

वणीला उतरले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, ऊन उतरलं होतं पण डांबर अजून चपलेला चिकटत होतं. दार उघडंच होतं. बाबा टाकीसमोर स्टुलावर बसलेले, ओला दुपट्टा डोक्यावर. टाकी पांढरी झाली होती. ताक भरून ठेवावं तशी. काचेवर, पंपावर, दगडांवर पांढरा थर धरत होता. फळीवर बरणी उघडी, शेजारी वाढायचा चमचा.

"निवळलं नाई अजून," ते म्हणाले. "चुन्याले वेळ लागते. बसन खाली."

त्यांनी सांगितलं ते असं. अर्धा चमचा ढवळून ओतला. थोड्या वेळानं पट्टेवाला वर येऊन तोंड आपटायला लागला. मला फोन लावला, तो बंद. खार कमी आहे असंच मी सांगितलं होतं, म्हणून त्यांना वाटलं, अजून कमीच पडतो आहे. मग आणखी अर्धा चमचा. मग आणखी. दुपारपासून ते पाणी निवळायची वाट बघत बसले होते. भट्टीवर चुन्याच्या हौदापाशी आयुष्यभर बसले तसे.

मी हात घातला. मासा पंपाच्या मागे अडकलेला होता, आडवा. त्याच्या पट्ट्यांचा पांढरा आणि पाण्याचा पांढरा वेगळा कळत नव्हता. मी तो तळहातावर घेऊन बाहेर काढला, बाबांच्या समोर धरला आणि बोलले. माझी जीभ तिखट आहे हे मी जन्मभर ऐकत आले, थोडा अभिमानही होता मला त्याचा. मी म्हणाले, "घ्या. हाही तुमच्या हातानं गेला. सुमेधलेही तुम्हीच बोलावलं होतं."

बाबांनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाव," म्हणाले. एवढंच. मग भिंतीला धरून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन खाटेवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकी रिकामी केली. काचेवरचा थर सुरीनं खरवडत होते. खरवडताना हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात बाबांचा आवाज आला: निवळी करू का कोरडाच? आणि दुसऱ्यांदा: कोरडाच टाकू? दोनदा विचारलं होतं त्यांनी. चुना म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसानं बरोबर जागी थांबून बरोबर प्रश्न विचारला होता, आणि मी, शब्द नीट वापरावा असं लाल शाईनं लिहिणारी, त्यांच्यावर खेकसले होते. सोडा हे दोन अक्षरांचं साधं नाव माझ्या तोंडात आलं नाही. मी सुरी खाली ठेवली. अंगणात बाबा चहाचा कप घेऊन बसलेले दिसत होते. चार पावलं जायचं आणि सांगायचं, इतकं सोपं होतं. मी सुरी पुन्हा उचलली.

एकदा नाही बोललं की दुसऱ्यांदा न बोलणं सोपं जातं. नवतपा संपला, पाऊस आला, शाळा सुरू झाली. बाबांनी संध्याकाळचं ते वाक्य बोलणं बंद केलं. मी आधी मनात म्हटलं, बरं झालं, सावरले. त्यांना आता ते बोलायची गरज उरली नव्हती हे मला उशिरा कळलं. आधी ते बोलायचे तेव्हा कुणीतरी "नाही" म्हणत असे. मी होकार भरल्यावर विषयच संपला होता. टाकीच्या जागी मी कुंडी ठेवली. ते त्या कोपऱ्याकडे बघायचे नाहीत, आणि स्टूल स्वयंपाकघरात गेलं.

पोळ्याच्या सुमारास त्यांच्या नाकाला नळी लागली. हवेतून ऑक्सिजन ओढणारं यंत्र घरी आणलं. ते दिवसभर घरघरायचं आणि आम्हाला दोघांनाही त्या आवाजाआड गप्प बसता यायचं. दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही. जायच्या आधी पंधरा-वीस दिवस, एका रविवारी दुपारी, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. चुन्यानं भेगाळलेल्या टाचा, तेल लावलं तरी कोरड्याच. मान खाली होती म्हणून असेल, मला बोलता आलं.

"बाबा, तो खार मी चुकीचा सांगितला होता. मले सोडा म्हणायचं होतं. तुम्ही विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. मीच कोरडा म्हणाले. चूक माझी होती."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, डोळा लागला.

"मले मालूम हाये," ते म्हणाले.

माझा हात थांबला. "कवापासून?"

"त्याच दिवशी. चुना कोरडा टाकत नसते, हे तुह्यापेक्षा मले जास्त समजते. पन तू सांगतलं म्हून टाकला. मास्तरीन हाये तू, म्हटलं काई नवं शिकून आली असन." थोडं हसल्यासारखं झालं त्यांना, आणि त्याचाच खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ धरून बसले.

"मंग हाव काहून म्हणाले? बोलायचं होतं मले. भांडायचं होतं."

"कायले?" ते म्हणाले. श्वास घेऊन एकेक वाक्य येत होतं. "तुले कोनावर तरी टाकाच लागत होतं. मले आता ते किती दिवस वागवाचं हाये? महिना, दोन महिने. तुले लय वर्सं काढाचे हायेत, बाई."

"अन् सुमेधचं मी जे बोलले ते…"

त्यांनी तेलकट पाय माझ्या मांडीवरून न काढता फक्त हात वर केला. "राहू दे. दोन्ही राहू दे माह्याकडं."

मी नाही म्हणायला हवं होतं. सुमेधच्या वेळी सगळं गाव नाही म्हणालं होतं, तसं ठासून, ओरडून, यंत्राच्या घरघरीच्या वर आवाज काढून. तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. पण त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं आहे: मला हलकं वाटलं. मी वाटीतलं उरलेलं तेल त्यांच्या टाचांना चोळलं, पायांवर चादर सारखी केली, आणि ते राहू दिलं त्यांच्याकडे. दोन्ही.